तापीकाठची वेस

बऱ्हाणपूर परिसर : भूमी आणि माणसे

(प्रस्तावना)

रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या फलकावर 'बुरहानपुर' असे लिहिलेले आहे. पण रावेर, सावदा, फैजपूरकडच्या माणसाच्या तोंडी हे गाव 'बऱ्हाणपूर' म्हणूनच येते. या पुस्तकात मी तेच नाव ठेवले आहे, कारण माझ्या कानांनी ते याच रूपात पहिल्यांदा ऐकले. आमच्या रावेर तालुक्यात घरात लग्न ठरले की बस्ता बांधायला मंडळी बऱ्हाणपूरला जात. सकाळच्या गाडीने निघायचे, दिवसभर कापडाच्या पेढीवर बसायचे, दुपारी दराब्याची मिठाई खायची आणि संध्याकाळी गाठोडी घेऊन परतायचे. आपण दुसऱ्या राज्यात जाऊन आलो, असे घरात कधी कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. दुकानदार आमच्याशी मराठीत बोले, शेजारच्या गिऱ्हाइकाशी उर्दूत आणि आतल्या नोकराशी निमाडीत. त्या वयात वाटे की दुकानदार असाच असतो. पुढे शाळेच्या नकाशात जळगाव जिल्ह्याच्या वरच्या अंगाला राज्याची ठळक रेघ दिसली आणि बऱ्हाणपूर त्या रेघेपलीकडे पडलेले पाहून मी चकित झालो. हे पुस्तक त्या दिवशीच्या प्रश्नातून आले आहे.

मराठी वाचकाला बऱ्हाणपूरची एक गोष्ट हमखास ठाऊक असते: मुमताजमहल इथे वारली. इतिहासाची थोडी गोडी असणाऱ्याला असीरगड माहीत असतो, आणि संभाजी महाराजांनी जानेवारी १६८१ मध्ये बहादूरपुऱ्यावर घातलेला छापाही. या गोष्टी खऱ्या आहेत आणि महत्त्वाच्याही आहेत. पण त्या गावावरून गेलेल्या माणसांच्या गोष्टी आहेत. जी माणसे इथे राहिली, ज्यांनी इथली काळी माती कसली, माग चालवले, विहिरी खणल्या, त्यांची गोष्ट मराठीत सलगपणे क्वचितच सांगितली गेली. आणि ती सांगायची तर राजवाड्यापासून सुरुवात करून भागत नाही. ती नदीपासून, डोंगरापासून आणि वाटेपासूनच सुरू करावी लागते.

म्हणून आधी भूमी पाहू. तापी बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. आपल्याकडच्या गोदा, भीमा, कृष्णा पूर्वेकडे जातात. तापी आणि नर्मदा मात्र पश्चिमवाहिनी आहेत, कारण या दोघी भूकवचाच्या खचलेल्या पट्ट्यांतून वाहतात. दोघींच्या मधे सातपुडा आहे. मेळघाटाच्या आणि खकनारच्या डोंगराळ मुलखातून वाट काढत आलेली तापी बऱ्हाणपूरजवळ मोकळ्या मैदानात उतरते. इथून खाली दोन्ही काठांना गाळाची खोल जमीन पसरत जाते. ज्याला खानदेशाचे मैदान म्हणतात ते खऱ्या अर्थाने इथे सुरू होते. बऱ्हाणपूर त्या मैदानाच्या माथ्याशी, नदीच्या उत्तर काठावर, उंच दरडीवर वसलेले आहे. समोरच्या दक्षिण काठावर जैनाबाद. मध्य प्रदेशात नदीला ताप्ती म्हणतात, महाराष्ट्रात तापी. आषाढ शुद्ध सप्तमीला मात्र दोन्हीकडे तिचीच जयंती होते.

आता गावाच्या उत्तरेला पाहा. सातपुडा पूर्व-पश्चिम आडवा पडलेला आहे आणि शेकडो किलोमीटर तो सहजासहजी कोणाला वाट देत नाही. पश्चिमेला त्याच्या दाट रांगा, पूर्वेला गाविलगडचे आणि महादेवाचे डोंगर. या दोहोंच्या मधे खांडव्याच्या बाजूला जाणारी एक सखल फट आहे. बैलगाडी, तोफगाडा, उंट, पुढे आगगाडी आणि आता मालमोटारी, सगळ्यांनी हीच फट धरली. इंदूर–इच्छापूर रस्ता इथूनच जातो, आणि भुसावळ–खांडवा लोहमार्गही थोडासा पूर्वेकडून याच खिंडारातून चढतो. या फटीच्या तोंडावर, बऱ्हाणपुरापासून सुमारे वीस किलोमीटरवर, असीरगड उभा आहे. असीर, कमरगड आणि मलयगड अशा तीन टप्प्यांचा हा किल्ला इतका महत्त्वाचा का ठरला, हे किल्ल्यावर उभे राहून कळतेच, पण खालच्या रस्त्यावर उभे राहिले की जास्त कळते. ज्याच्या हाती हा डोंगर, त्याच्या हाती ही वाट. अकबराने जानेवारी १६०१ मध्ये किल्ला घेतला तेव्हा खानदेशच्या फारुकी घराण्याचे राज्य संपले आणि मोगलांना दक्षिण उघडी झाली.

उत्तरेकडून येणारे बऱ्हाणपूरला दक्षिणेचे दार म्हणत. आपल्याकडून जाणाऱ्याला तेच उत्तरेचे दार होते. जुन्या मराठी माणसाच्या लेखी नर्मदेपलीकडचा अफाट मुलूख म्हणजे 'हिंदुस्थान', आणि त्या हिंदुस्थानाची वाट बऱ्हाणपुरावरून. १७६० च्या वसंतात सदाशिवरावभाऊंची फौज परतूडहून निघाली, बऱ्हाणपुरावरून पुढे सरकली आणि हंडियाला नर्मदा ओलांडून पानिपताच्या दिशेने गेली. त्यातल्या कित्येकांनी ओळखीच्या बोलीचे शेवटचे मोठे गाव पाहिले ते हेच असणार. त्याच वर्षी, उदगीरच्या लढाईनंतरच्या तहात, निजामाने असीरगड आणि बऱ्हाणपूर पेशव्यांना दिले. पुढे ते शिंद्यांकडे आले. १८०३ मध्ये इंग्रजांनी जिंकले, सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांना परत दिले. जून १८१८ मध्ये दुसरे बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाले तेही असीरगडाच्याच परिसरात. पुण्याहून निघालेली पेशवाई शेवटचा श्वास इथे सोडते, ही गोष्ट आपण फारशी आठवत नाही. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८१९ मध्ये, किल्ला कायमचा इंग्रजांच्या ताब्यात गेला.

वाट म्हटली की फौजेबरोबर व्यापार येतो. सुरतेच्या बंदरातून निघालेला माल तापीच्या खोऱ्याने बऱ्हाणपूरला येई आणि इथून आग्र्याकडे वळे. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात जहांगिराच्या भेटीला जाताना इथे थांबला आणि शाहजादा परवेझला भेटला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये सतराव्या शतकाच्या मध्यात येथून गेला. त्याने लिहून ठेवले आहे की बऱ्हाणपूरची तलम मलमल इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, पोलंड आणि मॉस्कोच्या मुलखापर्यंत जाते. हे वाचताना मी बराच वेळ थांबलो होतो. तापीकाठच्या उन्हाळ्यात, घामाने निथळत, कोणी मोमीन विणकर बसून विणतो आहे, आणि ते कापड बर्फाच्या देशातल्या बाईच्या डोक्यावर जाते आहे. आपल्या कापडाचा शेवट कुठे होतो हे त्या विणकराला कळले असेल का, ठाऊक नाही. पण उत्तरेच्या एवढ्या मोठ्या जगाशी या गावाचा धागा जोडलेला होता, हे नक्की.

बऱ्हाणपूर दोन जगांच्या मधे आहे याचा पुरावा मला एका दगडावर सापडला. शहराच्या मध्यभागी राजा अली खान फारुकीने बांधलेली जामा मशीद आहे. काळ्या दगडाची, दोन उंच मिनारांची, आत कमानींची रांगच रांग. प्रार्थनेच्या भिंतीवर अरबी कोरीव लेख आहे, आणि त्याच भिंतीवर एक संस्कृत लेखही आहे. सुरुवातीला सृष्टिकर्त्याला वंदन, मग फारुकी राजांची वंशावळ, मग काळ. काळ सांगताना लेखक विक्रम संवत १६४६ देतो आणि शके १५११ ही देतो. संवत हे उत्तरेचे गणित, शक हे आपल्याकडचे. पौष महिन्यातल्या त्या दिवशी, म्हणजे १५९० च्या आरंभी, मशिदीच्या भिंतीवर देवनागरीत लेख कोरणाऱ्या माणसाला ठाऊक होते की हा लेख वाचायला दोन्हीकडून माणसे येणार आहेत. दोघांनाही तारीख कळली पाहिजे. एवढी साधी, शेजारधर्माची समज त्या दगडात आहे. या पुस्तकाला जर एखादे बोधचिन्ह द्यायचे झाले, तर मी त्या दोन सालांचेच देईन.

आता नकाशावरच्या त्या रेघेकडे येतो. पंधराव्या शतकाच्या उंबरठ्यावर नासिर खान फारुकीने हे शहर वसवले आणि खुलदाबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. समोरच्या काठाला त्यांच्या परंपरेतल्या झैनुद्दीन शिराझींचे नाव मिळाले. म्हणजे गावाचे नावच मुळी आपल्या मराठवाड्यातून आलेले आहे. फारुकी हे 'खान', त्यांचा देश तो खानदेश, आणि त्या खानदेशाची राजधानी बऱ्हाणपूर. पण शिंद्यांकडून १८६० च्या करारानंतर हा भाग इंग्रजांकडे आला तेव्हा तो मुंबई इलाख्यातल्या खानदेशाला न जोडता मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्याला जोडला गेला. खानदेश नावाचा जिल्हा एका बाजूला, आणि जे गाव खानदेशाची राजधानी होते ते दुसऱ्या बाजूला. १९५६ मध्ये भाषावार राज्यरचना झाली, विदर्भ मध्य प्रदेशातून निघाला, निमाड तिथेच राहिला. १५ ऑगस्ट २००३ रोजी बऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेसात लाखांच्या थोडी वर होती. पश्चिमेला आणि दक्षिणेला जळगाव आणि बुलढाणा, पूर्वेकडे अमरावती. तीन बाजूंनी महाराष्ट्राला टेकलेला हा जिल्हा आहे.

या रेघेबद्दल तक्रार करायला मी हे पुस्तक लिहिलेले नाही. राज्ये होतात, सीमा ठरतात, कारभाराला त्या लागतात. मला एवढेच म्हणायचे आहे की कारभाराची सीमा आणि गावाची वेस या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सीमा जमीन तोडते. वेस माणसाला आत घेते आणि बाहेरही सोडते. वेशीवर मारुती असतो, पार असतो, वाटसरू टेकतो, पाहुण्याला तिथपर्यंत पोचवायला जातात. बऱ्हाणपूर ही सहाशे वर्षांची वेस आहे. तिच्याकडे सीमा म्हणून पाहिले की हे गाव दोन्हीकडून कडेला पडते. भोपाळहून पाहणाऱ्याला ते राज्याचे टोक वाटते, मुंबईहून पाहणाऱ्याला दिसतच नाही. वेस म्हणून पाहिले की ते मधोमध येते.

हे मला सगळ्यात जास्त पाण्याने शिकवले. बऱ्हाणपुरात कुंडी भंडारा नावाची जुनी पाणीव्यवस्था आहे. काही जण तिला खूनी भंडारा म्हणतात. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या कारकिर्दीत, तबकतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाने ती उभारली. हा खानखाना म्हणजे दोहे लिहिणारा रहीमच, आणि त्याच्या आयुष्याचा मोठा काळ बऱ्हाणपुरात गेला. सातपुड्यावर पडलेला पाऊस पायथ्याच्या गोट्यागाळातून मुरतो आणि जमिनीखालून तापीकडे सरकत राहतो. हे सरकणारे पाणी वाटेत अडवून, शंभरावर विहिरींची रांग खणून, त्या सगळ्या तळाशी भुयाराने जोडल्या. भुयाराला बेताचा उतार दिला. ना मोट, ना रहाट, ना पंप. पाणी आपल्या पायांनी शहरात येते. औरंगाबादची नहर पाहिलेल्या वाचकाला ही जात ओळखीची वाटेल. दोन्ही एकाच काळातल्या, आणि दोन्हींच्या मागे इराणी कारीझचे ज्ञान आहे.

मी पहिल्यांदा खाली उतरलो तो मे महिना होता. वर डोळे जळावेत असे ऊन होते. लोखंडी पाळण्यातून सुमारे ऐंशी फूट खाली गेलो आणि उन्हाळा वरच राहिला. पाय घोट्यापर्यंत पाण्यात. पाणी इतके स्वच्छ की तळाचे खडे मोजावेत. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर साचून गुळगुळीत झालेले, हात लावला तर गार दगडी साय लागल्यासारखे वाटते. वर पाहिले की प्रत्येक कुंडीच्या तोंडातून उजेडाचा एक गोल पाण्यात पडलेला, एकापुढे एक, दूरवर लहान होत गेलेले. कान देऊन ऐकले तर पाणी वाहते आहे हे कळते. चारशे वर्षे ते असेच वाहते आहे. बरोबरचा म्हातारा वाटाड्या ओंजळ भरून पाणी प्यायला आणि त्याने मलाही दिले. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत या भंडाऱ्याचे नाव गेले, त्याचा आनंद मोठा आहे. पण त्या ओंजळीतल्या पाण्याची चव मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ते पाणी अजून पिण्याजोगे आहे.

पाण्याचे मोल हा प्रदेश मोठी किंमत देऊन शिकला आहे. मुमताजमहल जून १६३१ मध्ये वारली, जैनाबादच्या आहूखान्यात, म्हणजे शाही हरिणबागेत, तिला तात्पुरते दफन केले आणि त्याच वर्षाअखेरीस तिचा देह आग्र्याला नेला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ते वर्ष कोणते होते? गुजरात आणि दख्खनवर १६३० पासून भीषण दुष्काळ कोसळला होता. सुरतेहून बऱ्हाणपूरला येणाऱ्या इंग्रज प्रवासी पीटर मंडीने वाटेवर माणसे मरून पडलेली पाहिली. शाहजहानचा दरबारी इतिहासकार लाहोरी लिहितो की बऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये गोरगरिबांत वाटले जात, आणि हे वीस आठवडे चालले. एकाच गावात, एकाच काळात, महालात एक राणी बाळंतपणात गेली आणि वेशीबाहेर हजारो माणसे अन्नावाचून गेली. राणीसाठी ताजमहाल झाला. बाकीच्यांसाठी काही झाले नाही. त्यांची आठवण ठेवणे हे भूगोलाच्या पुस्तकाचे काम आहे, कारण पाऊस, पीक आणि वाट यांचा हिशेब मांडल्याशिवाय तो दुष्काळ समजत नाही.

आता माणसे. या पुस्तकाचा मोठा भाग त्यांचाच आहे, म्हणून इथे थोडक्यात सांगतो. शहरात मोमीन विणकरांची मोठी वस्ती आहे. हातमाग गेले, यंत्रमाग आले, पण गल्लीतून चालताना खटखट कानावर येतेच. एकेकाळी इथली जरी आणि सोन्याचांदीची तार नावाजलेली होती. लालबागला १९०६ साली ताप्ती मिल निघाली आणि गिरणगावाची एक वेगळी संस्कृती उभी राहिली. शहराच्या जवळच दाऊदी बोहऱ्यांचे दर्गाह-ए-हकीमी आहे, जिथे जगभरातून भाविक येतात. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला जाण्याआधी इथे राहिले, तिथे आज बडी संगत गुरुद्वारा आहे. नागझिरीला कबीरपंथाचे निर्णय मंदिर आहे. बालाजीचा उत्सव तापीच्या पात्रात भरतो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी बाजारपेठेत पाय रोवले. एवढ्याशा गावात इतके पंथ नांदतात, याचे कारण वाट. वाटेवरच्या गावाला परक्याची सवय असते.

शहराबाहेर पडून तापीच्या काठाने खाली गेले की शाहपूर, इच्छापूर, दापोरा, चापोरा, फोफनार, बंभाडा, खामनी अशी गावे लागतात. इथे मराठी घराघरात आहे. गुजर, लेवा, माळी, मराठा, कुणबी शेतकरी. नावे पाटील, महाजन, चौधरी. शेतावरचे बोलणे ऐकले तर रावेर-यावलच्या बोलीहून वेगळे काढणे कठीण. मुलगी इकडची, सून तिकडची, सोयरीक रेघेला विचारत नाही. मुक्ताईच्या यात्रेला इथून दिंड्या कोथळी-मेहुणकडे जातात आणि टाळमृदंगाला कोणी राज्य विचारत नाही. मुलांचे शिक्षण मात्र बहुधा हिंदीत होते. त्यामुळे घरी मराठी बोलणाऱ्या, पण मराठी वाचायला अडखळणाऱ्या मुलांची एक पिढी इथे वाढते आहे. आजी पोथी वाचते, नातू तिला अक्षरे ओळखीची असूनही शब्द विचारतो. या घरांत हे पुस्तक पोचावे, अशी माझी फार इच्छा आहे.

पूर्वेला खकनार, देडतलाईच्या डोंगरात चढले की सगळेच बदलते. इथे कोरकू राहतात. त्यांच्या भाषेत 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हे अनेकवचन. कोरकू म्हणजे माणसे, एवढेच. ही भाषा मराठीची बहीण नाही, हिंदीची नाही, गोंडीचीही नाही. तिची नाती दूर पूर्वेला, झारखंडातल्या मुंडारी आणि संताळीशी आहेत. त्या कुळातली सर्वांत पश्चिमेकडची भाषा ती हीच. मेळघाटातल्या धारणीचे कोरकू आणि खकनारचे कोरकू एकाच रानात वाढले. मधली रेघ त्यांना फॉरेस्टचे नाके आणि रेशनकार्ड यांतूनच भेटते. उत्तरेकडच्या डोंगरांत भिल, भिलाला, बारेला आहेत आणि जागोजागी बंजाऱ्यांचे तांडे. सतराव्या शतकात याच वाटेवरून हजारो बैलांवर धान्य लादून बंजारे चालत. आज त्यांचे नातू ऊसतोडीला किंवा बांधकामावर जातात. वाट तीच आहे, ओझे बदलले.

स्वयंपाकघरातही हा प्रदेश आपली खूण सांगतो. खानदेशात खापरावर पुरणाचे मांडे होतात. पीठ इतके मळायचे की ते हातावर झुलले पाहिजे, आणि मग उपड्या खापरावर पसरायचे. बऱ्हाणपूरच्या मुसलमान मोहल्ल्यांत लग्नाकार्याला हातावर उडवून, पातळ कापडासारखे, मोठमोठे साधे मांडे उपड्या कढईवर भाजतात. ते सालनाबरोबर खातात, आपले मांडे मात्र पुरण भरून होतात. पण कणीक मळणाऱ्या हाताला विचारले तर कसब एकच आहे. इथली मावा जिलेबी रमजानात मुंबईच्या महंमद अली रस्त्यावर 'बुऱ्हाणपुरी' नावाने विकली जाते, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. गावाचे नाव गोडातून तरी मुंबईपर्यंत पोचले आहे.

आजचे बऱ्हाणपूर मात्र केळीवर उभे आहे. तापीकाठच्या काळ्या मातीत, ठिबकच्या नळ्यांवर, मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन हंगामांत केळी लागते. उन्हाळ्यात पश्चिमेकडून गरम वारा सुटतो तेव्हा बागेच्या कडेला शेवरीची किंवा हत्ती गवताची भिंत उभी करावी लागते. नाही तर पाने चिरून निघतात आणि घड करपतात. एका रात्रीच्या वादळात वर्षाची मेहनत आडवी झालेली मी पाहिली आहे. सकाळी शेतकरी आडव्या झाडांतून चालत होता आणि प्रत्येक घडाला हात लावून पाहत होता. बऱ्हाणपूरच्या लिलावात जो भाव फुटतो त्याकडे रावेर, यावल, मुक्ताईनगरचा शेतकरी डोळे लावून बसलेला असतो. तो आकडा तासाभरात मोबाइलवरून गावोगाव जातो. राज्ये दोन, पण केळीची बाजारपेठ एकच. याहून स्पष्ट पुरावा कोणता द्यावा?

आणखी एका नात्याची मराठी वाचकाला आठवण करून द्यावीशी वाटते. सातपुड्याच्या पायथ्याशी नेपानगर आहे. देशातला वर्तमानपत्री कागदाचा पहिला कारखाना इथे उभा राहिला आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. या डोंगरातली सलई आणि बांबू यांचा लगदा करून तो कागद होई. संयुक्त महाराष्ट्राच्या काळापासून पुढे कित्येक वर्षे देशाच्या वर्तमानपत्रांची पाने या रानाच्या लाकडातून निघाली. म्हणजे आपण सकाळी चहाबरोबर वाचत होतो त्यात थोडा सातपुडा होता. २०१६ मध्ये कारखाना थांबला, नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला, आता रद्दीपासून कागद करतो. रानाने मात्र आपली सलई परत मागितलेली नाही, आणि मागितली असती तरी देणार कोण?

इथे माझ्या चिंतेचा विषय येतो. तापीच्या दोन्ही काठांवर केळीसाठी विहिरी खोल गेल्या, मग बोअर आले, मग बोअरही खोल गेले. सातपुड्याच्या पायथ्याचा गोट्यागाळाचा पट्टा हा निसर्गाने दिलेला पाण्याचा रांजण आहे. आपण त्याच्या तळाला भोक पाडत आहोत. वर डोंगरातले जंगल विरळ झाले, पाऊस मुरण्याऐवजी वाहून जातो. पायथ्याला पाणी कमी झाले की कुंडी भंडाराही कमी होणार. त्याला दुसरा झरा नाही. १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांनी तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण प्रकल्पाच्या करारावर सह्या केल्या. तापीचे पुराचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याने फिरवून पुन्हा जमिनीत मुरवावे, ही त्यामागची कल्पना. मला ती मनापासून पटते, कारण तिच्यात चारशे वर्षांपूर्वीच्या त्या इराणी जाणकाराचेच ज्ञान उलट्या दिशेने आहे. त्याने डोंगराने मुरवलेले पाणी बाहेर काढले, आता आपल्याला वाहून जाणारे पाणी डोंगराच्या पायाशी मुरवायचे आहे. पण कालव्याइतकेच महत्त्व झाडांना आहे. ज्या कोरकू आणि बारेला गावांच्या हाती ते रान आहे, त्यांना सोबत घेतल्याशिवाय हा रांजण भरणार नाही.

पुस्तकाची मांडणी साधी आहे. पहिल्या भागात भूमी: नदी, डोंगर, माती, पाऊस. दुसऱ्यात वाटा आणि त्यांवरून गेलेले लोक. तिसऱ्यात पाणी. चौथा आणि सर्वांत मोठा भाग माणसांचा: त्यांच्या बोली, शेती, धंदे, सण आणि नाती. राजांच्या नावांची यादी मी मुद्दाम लहान ठेवली. ज्या गोष्टी मी स्वतः पाहिल्या, ज्या घरांत जेवलो, ज्या मागावर बसलो, त्या तशाच लिहिल्या. जिथे दोन म्हाताऱ्यांनी एकच आठवण दोन तऱ्हेने सांगितली, तिथे दोन्ही दिल्या. बोलीतले शब्द शुद्ध करण्याचा मोह आवरला. 'दगड्यावर ठेव' असे शाहपूरच्या बाईने म्हटले असेल तर मी 'दगडावर' केलेले नाही.

या कामात दोन्ही बाजूंच्या माणसांनी मला मनापासून मदत केली. रात्री उशिरा बैठकीची खोली उघडून देणारे, जुन्या वह्या विश्वासाने हाती ठेवणारे, डोंगरात माझ्याबरोबर चालणारे, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. चूक सापडली तर ती माझी, आणि ती कळवली तर उपकार होतील.

वाचकाला एकच विनंती आहे. बऱ्हाणपूरला जाल तर शाही किल्ला पाहा, असीरगड चढा, आहूखान्यात थोडे थांबा. पण तेवढ्यावर परतू नका. जामा मशिदीतली ती दोन साले शोधा. कुंडी भंडाऱ्यात उतरून एक ओंजळ पाणी प्या. शाहपूरच्या बाजारात मराठीत भाव विचारा आणि उत्तर मराठीतच मिळते का ते पाहा. आणि परतताना तापीच्या राजघाटावर उभे राहा. समोरून वाहणारे पाणी थोड्याच वेळात महाराष्ट्रात शिरणार आहे. ते आपलेच पाणी आहे, आणि ज्या काठावर तुम्ही उभे आहात त्यावरची माणसेही आपली आहेत.